टाचेखालचं चामडं

अण्णा, गेल्या महिन्यात दुखरी टाच घेऊन मी आपल्याच दुकानात गेले, आणि तिथे तुमच्या माघारी तुमच्या जागेवर वहिनी बसली होती.

वर्षभर टाच दुखत होती. सकाळी पहिलं पाऊल टेकलं की खिळा घुसल्यासारखं व्हायचं. शाळेत फळ्यापुढे उभं राहणं नको व्हायचं. मेडिकलमधले जेलचे पॅड घालून झाले. शेवटी नगरचे डॉक्टर म्हणाले, "भिंगारला एक बाई पायाच्या मापाचे तळ करून देतात, बुटात घालायचे. माझे बरेच पेशंट तिकडेच जातात." पत्ता मी विचारला नाही.

बारा वर्षांची असताना कातडं कापायला मी तुमची रापी उचलली होती. तुम्ही ती हातातून काढून घेतलीत. "ठिव ती. तुला परक्या घरी जायचंय." चारच दिवसांत माझ्यासाठी शाळेचे बूट शिवलेत, अख्ख्या वर्गात तसे कुणाचे नव्हते. मला बूट नको होते. पुढे तुमची नजर अधू झाली, दादा नोकरीला लागला, आणि तुम्ही वहिनीला शेजारी बसवलंत. मी माहेरी आले तेव्हा रापी तिच्या हातात होती आणि तुम्ही तिचं मनगट धरून कोन दाखवत होतात. मी काही विचारायच्या आत तुम्हीच म्हणालात, "ती घरचीच हाय." चहा ठेवते म्हणून मी आत गेले. चहा ठेवला नाही, रडले.

वहिनी म्हणते, "वन्सं, पाय ठेवा कागदावर." पेन्सिल फिरवते, टाचेत अंगठा दाबते. "हितं दुखतंय व्हय?" नेमकं तिथेच. "अण्णा सांगायचे, दुखरी जागा मोकळी सोडायची, आधार भोवतीनं द्यायचा." तुमचं हे बोलणं मी कधी ऐकलंच नव्हतं, अण्णा. ते मला तिच्या तोंडून कळावं! तळ सुरेख झालेत. कमानीखाली उंचवटा, टाचेला खोलगट वाटी. घरी आल्यावर चूक शोधायला मी ते उजेडात धरून उलटेसुलटे पाहिले. सापडली नाही.

हे वहीतच राहील, कुणाला दाखवणार नाही. आठ दिवस झाले, टाच दुखायची थांबलीय. काल वहिनीचा फोन आला. "फरक पडला का, वन्सं?"

मी म्हणाले, "अजून नाही."