वांग्याच्या गाठी, हरभऱ्याच्या गाठी

राजापेठ, अमरावती
४ जानेवारी

आदरणीय चतुराताईस,
धाकट्या भावाचा, म्हणजे धर्मपालचा, मनापासून जयभीम.

मी आणि साधना, आम्ही दोघं नवराबायको इकडे खुशाल आहोत. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींची साखर? (त्यांना म्हणावं, सकाळी फिरायला जाणं चांगलं, पण ते जिलबीच्या दुकानापर्यंत नसावं.) पत्र पाहून तुला वाटेल, फोन असताना याला हे काय सुचलं. ताई, फोनवर तू मला तिसऱ्या वाक्याच्या पुढे जाऊ देत नाहीस. आणि एकतीस वर्षं हेडक्लार्की केलेल्या माणसाला पार्श्वभूमी दिल्याशिवाय मुद्द्यावर येता येत नाही.

तर पार्श्वभूमी अशी. दिवाळीनंतर तुझ्या मायाने तिच्या एमएस्सीच्या प्रयोगासाठी माझ्या अचलपूरच्या शेतात सहा वाफे हरभरा पेरला, हे तुला ठाऊकच आहे. तीन वाफ्यांचं बी तिने गुळाच्या पाण्यात एक काळी भुकटी कालवून, ती चोळून, सावलीत वाळवून पेरलं. उरलेल्या तीन वाफ्यांचं बी तसंच कोरडं. त्या भुकटीत म्हणे कोट्यवधी जिवाणू होते. (मी भिंग लावून पाहिलं. एकही दिसला नाही. पण पोरगी शिकलेली, म्हणून हरकत नोंदवली नाही.) हे जिवाणू हरभऱ्याच्या मुळांत गाठी करून राहतात, हवेतलं नत्र ओढून झाडाला देतात, आणि झाड त्यांना साखर देतं. जाताना माया म्हणाली, "मामा, मुळावर गाठी दिसल्या का समजा काम झालं." मी ते वाक्य डायरीत लिहून खाली लाल रेघ मारली. ताई, खरं सांगायचं तर पुढच्या सगळ्या अनर्थाचं मूळ त्या वाक्यात आहे. कोणत्या पिकाच्या मुळावर, याचा त्यात उल्लेखच नाही. आमच्या कार्यालयात असा आदेश शेरा मारून परत गेला असता.

आता देवीदासकडे येतो. माझ्या शेताला लागून त्याचं वांग्याचं शेत. माणूस सरळ, कष्टाळू, आणि एवढाच दुर्गुण की मला मोठा जाणकार समजायचा. डिसेंबर लागला आणि त्याची वांगी दुपारची माना टाकू लागली. त्याने एक झाड उपटलं आणि ते हातात धरून माझ्याकडे आला. "साहेब, पाहा ना जी, मुळाले ह्या कायच्या गाठी आल्या?" मी चष्मा लावला, मूळ पाहिलं, आणि त्याचं अभिनंदन केलं. अर्धा तास व्याख्यान दिलं. नत्र, साखर, देवाणघेवाण, काही म्हणून सोडलं नाही. तो बिचारा म्हणाला, "पन झाड तं सुकून राहिलं." मी म्हणालो, घरी एवढे पाहुणे आले की यजमानाची थोडी ओढाताण व्हायचीच. (हे वाक्य आता आठवलं की मी एकटा असलो तरी खाली मान घालतो. त्या वेळी मात्र साधनासुद्धा मान डोलावत होती.) माझ्याच सल्ल्याने त्याने त्या पाहुण्यांना आठवडाभर गुळाचं पाणी पाजलं. पंधरा दिवसांत अर्धं शेत आडवं झालं.

मग कृषी सहाय्यक आली. गीतांजली नावाची तरतरीत मुलगी. तिने मूळ पाहिल्याबरोबर सांगितलं की ह्या सूत्रकृमीच्या गाठी आहेत. डोळ्याला न दिसणारा, धाग्यासारखा किडा. तो मुळात शिरतो आणि झाडाचं अन्नपाणी मधल्यामधे खातो. "इतके दिवस काहून थांबले तुमी? चांगल्या गाठी आहेत असं कोणी सांगतलं?" ताई, देवीदासने माझं नाव घेतलं नाही. तो आभाळाकडे पाहू लागला. मी माझ्या चपलेकडे.

शरमेने मी मिळाली ती एसटी धरून घरी निघालो. वाटेत आसेगाव आलं आणि एकदम डोक्यात आलं. गाठी जर वाईट, तर मायाच्या हरभऱ्याचं काय? तिथेच उतरलो आणि उलटी गाडी धरली. शेतात पोचून एक झाड उपटलं तर मुळावर गाठीच गाठी! काळी भुकटी लावलेल्या तिन्ही वाफ्यांत तीच गत. न लावलेल्या वाफ्यांत शोधून एखादी. म्हणजे रोग भुकटीतूनच आला, आणि पोरीला कोणीतरी फसवलं, हे मला लख्ख दिसलं. बासष्टाव्या वर्षी, कंबरेची पर्वा न करता, दिवस मावळायच्या आत मी तिन्ही वाफे उपटून शेताच्या धुऱ्यावर ढीग घातला आणि मायाला फोटो धाडला. खाली लिहिलं, "काळजी नसावी. रोगट वाफे काढले. निरोगी तीन वाचवले."

उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी माया स्वतः आली.

ती ओरडली नाही, ताई. (स्वभाव तुझा घेतला असता तर हे पत्र तुला साधनाने लिहिलं असतं.) ढिगाजवळ बसली, एक गाठ तोडून नखाने चिरली. आत गुलाबी रंग होता. म्हणाली, "ही जिवंत होती, मामा." मग देवीदासच्या शेतातून वांग्याचं मूळ आणून दोन्ही माझ्या हातांत दिली. हरभऱ्याच्या गाठी मुळाच्या कडेला मण्यांसारख्या, बोटाने अलगद निघणाऱ्या. वांग्याचं मात्र मूळच सुजलेलं, गाठ काढायची तर मूळच तोडावं लागेल. "इकडे झाडानंच जिवाणूले निरोप धाडला, या म्हणून. तिकडे किडा न इचारता घुसला. झाडाले फरक समजते, मामा." एवढं बोलून ती पंपाच्या खोलीमागे गेली आणि दहा मिनिटांनी डोळे लाल करून परत आली. त्या दहा मिनिटांत मी दोन्ही मुळं हातात धरून उभा होतो. खाली ठेवायचं सुचलंच नाही. आई गेली त्या दिवसानंतर मला इतकं रिकामं वाटलं नव्हतं.

परत आल्यावर तिने वही उघडली. पंचेचाळीस दिवस झाले की काही झाडं उपटून गाठी मोजायच्याच होत्या, असं म्हणाली. काही म्हणजे दहा. मी तिला तीन वाफे दिले होते. मग मी मोजायचं आणि तिने लिहायचं. मी म्हणालो, "एकतीस." ती म्हणाली, "तीस. तो मातीचा खडा हाय." देवीदास चहा घेऊन आला आणि तोही मांडी घालून मोजायला बसला. ज्या माणसाचं अर्धं शेत मी बुडवलं, तो माझ्या भाचीची झाडं मोजत होता, आणि माझ्यापेक्षा बरोबर मोजत होता! त्याने आता वांगी काढून झेंडू लावला आहे. झेंडूत तो किडा वाढत नाही म्हणे. माझ्यावर राग नाही. फक्त शेतीबद्दल मी तोंड उघडलं की म्हणतो, "साहेब, आधी चहा घ्या."

असो. भाऊजींना जयभीम. गुडघ्याला तीळतेल लाव, आणि पत्र एकदा शांतपणे पुन्हा वाच.

तुझा,
धर्मपाल

ता. क. गाठींचे आकडे मिळाले, पण उपटलेल्या वाफ्यांचं उत्पन्न कुठून मोजणार? म्हणून मायाच्या सरांनी प्रयोग पुढच्या हंगामात नव्याने करायला सांगितलं आहे. म्हणजे पदवी एक वर्ष पुढे. म्हणजे मे महिन्यात तू ठरवलेलं तिचं लग्नही पुढे. पोरीला हे तुझ्यासमोर बोलायचा धीर होईना, म्हणून मी म्हणालो, मी कळवतो. मुलाकडच्यांना कृपया तू कळव. सगळा दोष माझ्या नावावर घाल.

ता. क. दुसरा. साधना खांद्यावरून वाचते आहे आणि म्हणते, खरं काय ते लिहा. तर लिहितो. "माझ्यामुळे तुझं लग्न वर्षभर लांबलं," असं मी हात जोडून मायाला म्हणालो, तेव्हा तिने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "मामा, रायलेले तीन वाफे कवा उपटता?"