तारकर्ली पॅडल अकॅडमीतला फितूर

७ फेब्रुवारी २०१०, रविवार

आज स्थापना. तारकर्ली स्टँडअप पॅडल अकॅडमी. संस्थापक, संचालक आणि मुख्य प्रशिक्षक : मी, दत्तप्रसाद.

बोर्ड एकच आहे. आमच्या खोल्यांत उतरलेला जर्मन पाहुणा जाताना ठेवून गेला. रोज सकाळी त्याच्यावर सरळ उभा राहून एकच लांब वल्हं मारत तो कर्लीच्या खाडीत फिरायचा. मी काठावरून सगळं बारकाईने पाहिलेलं आहे. शिवाय मुंबईच्या शाळेत क्लार्क असताना पीटीचे सर रजेवर गेले की तो तास मीच घ्यायचो.

मथुरेने विचारलं, तुमका पोहूक खंय येता? मी तिला सांगितलं, क्रिकेटचा कोच स्वतः बॅटिंगला जातो का? ती बांगडे साफ करायला बसली. बायकोला इतक्या चटकन पटलं, हे जरा खटकलं.

९ फेब्रुवारी

विद्यार्थी चार : नितेश, किरण, रिया, उर्वशी. सगळी अकरावीची, सगळ्यांच्या घरी होडी आणि जाळी. उद्घाटनाचं प्रेरणादायी भाषण दिलं. विषय : पाण्यावर उभा राहतो तो आयुष्यात उभा राहतो. पोरं मला 'सर' म्हणाली. शाळेत वीस वर्षं सगळे 'ओ क्लार्क' म्हणायचे. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

भाषण संपल्यावर चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. का पाहिलं?

१२ फेब्रुवारी

धडा पहिला : वाळूवर बोर्ड ठेवून उभं राहणे. पोश्चर, पोश्चर, पोश्चर. पाण्यात उभं राहणं हा धडा चौथा. तो पाडव्याला. घाई नाही.

१६ फेब्रुवारी

मी डबा उघडायला पाठ फिरवली तेवढ्यात रिया बोर्ड पाण्यात घालून उभी राहिली. नुसती उभी नाही, वळून परतसुद्धा आली. धडा चौथा मी शिकवलेलाच नाही! मग कोणी शिकवला?

ती म्हणाली, आमी ल्हानपणापासून थर्माकोलार फिरतंव. इथली पोरं माशांच्या पेट्यांचे थर्माकोल जोडतात, हातात फळी घेतात आणि खाडीभर हिंडतात म्हणे. थर्माकोल! ताबडतोब बंदी घातली. अशास्त्रीय आहे.

पण माझा विश्वास नाही. थर्माकोलवर पोश्चर येत नाही. कोणीतरी बाहेरून कोचिंग देतंय. शेजारचा भिकाजी पर्यटकांना होडीतून डॉल्फिन दाखवतो. या आठवड्यात तो माझ्याकडे बघून दोनदा हसला. एरवी हसत नाही.

२३ फेब्रुवारी, सकाळ

माडाच्या झापांखाली झाकलेला बोर्ड ओला. मथुरा म्हणाली दव असेल. जीभ लावून पाहिली. खारट. दव खारट नसतं.

३ मार्च

सापळा लावला. बोर्डाभोवती मथुरेची रांगोळी पसरली. सकाळी पावलं : चार माणसांची आणि एका कुत्र्याची. म्हणजे चौघंही! संध्याकाळी सहज विचारलं, काल झोप बरी लागली ना? चौघं एका सुरात 'होय' म्हणाली. एका सुरात म्हणजे ठरवून.

भाषणाचा विषय आज बदलला : निष्ठा.

१० मार्च

पहाटे पाचला उठून पाळत ठेवायचा निश्चय केला होता. आठला जाग आली. मथुरा म्हणते, हाक मारलंय, तुमी कूस बदललात. खरंच मारली का? की हीसुद्धा सामील? काल तिने उर्वशीला घावणे दिले. मला शिळी भाकरी.

१६ मार्च, गुढीपाडवा

धडा चौथा रीतसर शिकवला. पोरांनी जांभया देत केला. त्यानंतर मी माडाआड उभा राहून ऐकलं. किरण कुरकुरत होता : काल मीच झालंय, आज दुसऱ्या कोणीतरी होवचा. रिया त्याला म्हणाली, तूच हो, तुझा वजन बरोबर आसा.

काय झाला? कसलं वजन? नक्कीच कोड भाषा. भिकाजी पोरांना गोव्याला पळवणार, आणि किरण त्यांचा तिथला कॅप्टन होणार. दुसरा अर्थ निघतच नाही.

३० मार्च

शेवटी देवळात कौल लावला. माणसं फसवतात, देव फसवत नाही. गुरव भाईंनी देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना फुलांचे कळे लावले आणि गाऱ्हाणं घातलं : ह्या अकॅडमीचा वाकडा कोणामुळे होता, ता सांग महाराजा. एकेक नाव घ्यायचं. उजवा कळा पडला तर तोच, डावा पडला तर तो नाही.

नितेश : डावा. किरण : डावा. उर्वशी : डावा. रियाच्या वेळी मी श्वास रोखून बसलो. डावा.

भाईंनी विचारलं, अकॅडमीत आणि कोण आसा? मी म्हटलं, आणखी कोण, मीच. भाई म्हणाले, मगे तुमचा नाव घेवया? घेऊन टाकलं त्यांनी, मी नको म्हणेपर्यंत.

कळे कोमेजलेले होते. उजवीकडून वाराही येत होता. शिवाय भाईंचा मेहुणा भिकाजीच्या होडीवर असतो, हे मला नंतर आठवलं.

११ एप्रिल

पणजीच्या एका वॉटरस्पोर्ट्स क्लबचा फोन आला होता. १ मेला त्यांचे पाहुणे येणार. प्रात्यक्षिक आवडलं तर तीन बोर्ड देणार. इतकी मोठी गोष्ट फितुरांच्या भरवशावर सोडायची नाही. म्हणून चौघांनाही देवळासमोर नेलं आणि नारळावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली : मी सरांपासून काहीही लपवत नाही.

नितेशने घेतली. उर्वशीने घेतली, डोळे मिटून. किरणने घेतली आणि लगेच आत जाऊन देवाच्या पाया पडला. रियाने हात मागे बांधले. देवाच्या नारळार हात ठेवन खोटा बोलूक माका जमाचा नाय, म्हणाली. मग खरं काय ते सांग! तर तेही सांगणार नाही.

सापडली. तिथल्या तिथे अकॅडमीतून काढून टाकली. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, सर, माझ्याशिवाय कोणाक पाण्यात धाडू नकात. काय हा गर्व!

घरी मथुरेने ताट आपटून वाढलं. माशाच्या कढीत मीठ नव्हतं.

२४ एप्रिल

रिया गेल्यापासून बाकीचे वेळेवर येतात आणि वेळेवर जातात. भाषणात आज मी मधेच थांबलो, कोणी मान वर करून पाहिलं नाही. सर तेवढं म्हणतात, पण शाळेच्या शिपायाला हाक मारावी तसं.

बोर्ड मात्र अजून सकाळी ओला असतो.

३० एप्रिल

निर्णय झाला. उद्या प्रात्यक्षिक मी स्वतः देणार. ही पोरं ऐन वेळी मुद्दाम पडून माझी फजिती करणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. थिअरी माझी पक्की आहे. वाळूवर तासभर उभा राहिलो, एकदाही पडलो नाही.

मथुरेला सांगितलं नाही. तिच्यामार्फत बातमी फुटते.

१ मे

विशेष काही लिहिण्यासारखं नाही.

३ मे

लिहितो. नाक अजून चुरचुरतंय.

दुपारी चार. काठावर पाहुणे, मथुरा, भिकाजी, अर्धं गाव. मी बोर्ड पाण्यात घातला. नितेश धावत आला : सर, सुकती लागली हा, आज नको. ओहोटीला खाडीचं पाणी समुद्राकडे ओढतं, हे मलाही ठाऊक आहे. पण अगदी माझ्याच वेळी याला कळवळा का यावा? त्याला बाजूला सारलं आणि चढलो. गुडघ्यांवर. उभं राहण्याआधी गुडघ्यांवर बसणं हे शास्त्रोक्तच आहे. पाहुण्यांकडे हात केला. हात खाली आला तोवर पाहुणे लहान दिसायला लागले होते. मी वल्हं मारत नव्हतो, तरी बोर्ड देवबागच्या टोकाकडे, खाडीच्या तोंडाकडे निघाला होता. आता उठावं, पोश्चर घ्यावं, म्हणून एक पाय उचलला.

पुढचं नीट आठवत नाही. पाणी हिरवं असतं आत. मला फक्त एवढंच कळत होतं की मी मरतोय, आणि मला खूप भीती वाटत होती.

मग कोणीतरी मागून काखेत हात घातला आणि माझी हनुवटी वर केली. रिया. थर्माकोलवरून उडी टाकलेली. काढून टाकल्यावरही ती त्या दिवशी खाडीच्या तोंडाशी थर्माकोलवर जाऊन थांबली होती. किरणने दुसरीकडून धरलं, नितेशने बोर्ड आडवा आणला, उर्वशीने पाय लोटले, आणि मी बोर्डवर पालथा पडलो. एकही शब्द कोणी वाया घालवला नाही. जणू शंभर वेळा केलेलं काम.

केलेलंच होतं. काल उर्वशीने सांगितलं, रडत रडत. पहिल्याच आठवड्यात चौघांनी ओळखलं होतं की सरांना पोहता येत नाही आणि सर कधी ना कधी पाण्यात जाणार. म्हणून पहाटे बोर्ड काढून प्रॅक्टिस चालायची, बुडणाऱ्या सरांना वर कसं घ्यायचं याची. सर व्हायचा किरण, कारण त्याचं वजन माझ्या वजनाच्या जवळ जाणारं. तो 'पोश्चर, पोश्चर' ओरडत पाण्यात पडायचा आणि बाकीचे त्याला उचलायचे.

मी विचारलं, मग मला सांगितलं का नाही? ती म्हणाली, सरांक वायट वाटात म्हणान.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

५ मे

क्लबचा फोन. तीन बोर्ड नक्की. असं रेस्क्यू त्यांनी कुठेच पाहिलं नव्हतं म्हणे. प्रात्यक्षिकाची कल्पना कोणाची, असं विचारत होते. मी मोघम 'आमचीच' म्हणालो. बोर्ड मात्र त्या वाचवणाऱ्या मुलीच्या ताब्यात देणार. माझं नाव त्यांनी विचारलं, लिहून घेतलं का ते कळलं नाही.

८ मे

रियाच्या घरी गेलो. सोबत मथुरेने दिलेले घावणे. ती अंगणात जाळं विणत होती. माफीचं भाषण तयार होतं, पण पहिल्याच वाक्याला मी घावणेच पुढे केले. तिने घावणे घेतले. मी विचारलं, अकॅडमीत परत येशील का, मुख्य प्रशिक्षक म्हणून? मी सल्लागार राहीन.

ती म्हणाली, सर, आधी पोहूक शिका. रविवारी ल्हान पोरांचो वर्ग घेतंय, थंय येवा.

सर म्हणाली. नीट म्हणाली.

९ मे, रविवार

पहिला दिवस. पाणी कमरेइतकं. माझ्या पाठीला दोरीने थर्माकोल बांधला होता. रांगेत माझ्या शेजारी भिकाजीची नात सीता, वय सहा. तिने मला खालपासून वरपर्यंत संशयाने न्याहाळलं आणि विचारलं, आजोबा, तुमचे पाय टेकतत?

मी म्हटलं, टेकतात.

तिने पाण्यात डोकं घालून स्वतः खात्री करून घेतली.