आप्पाने मॅचला जावं की नाही

३ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी ६.१०

काल दसरा झाला, आजपासून फुटबॉल. यंदाचे संकल्प: मैदानाच्या कडेला उभं राहून ओरडायचं नाही. रेफरीच्या घरच्यांचा उल्लेख करायचा नाही. बीपीची गोळी मॅचच्या आधी घ्यायची, हरल्यावर नाही. आणि सुमेधाशी फुटबॉलवरून वाद घालायचा नाही. एकोणतीस वर्षं संसार करते आहे बिचारी, अजून ऑफसाइड म्हणजे काय ते विचारलेलं नाही.

कॉलेज सोडून मला चाळीस वर्षं झाली. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त होऊन तीन. पण कॉलेजच्या टीमची मॅच असली की मी मैदानावर. सलग एकतीस वर्षं. रत्नागिरीत क्रिकेटला गर्दी, कबड्डीला गर्दी, फुटबॉलला मी.

रात्री ९.००

जिमखान्याचे रितेश सर बाजारात भेटले. झेंडूची उरलेली फुलं घेत होते, स्वस्तात. सहज सांगितल्यासारखं म्हणाले की कमिटीचं ठरलंय, यंदा लीगमध्ये एक तरी मॅच जिंकली नाही तर कॉलेजचा फुटबॉल बंद. गोलपोस्ट काढणार आणि तिथे बॅडमिंटनची शेड बांधणार.

बॅडमिंटन! फुलाला फटके मारायचे!

मी घाबरलो नाही. तीन मॅच आहेत, खेड, लांजा, चिपळूण, तिन्ही आपल्या मैदानावर. तीनात एक. एक तर कुणीही जिंकतं. आपण नऊ वर्षांत जिंकलेलो नाही ही गोष्ट वेगळी.

५ ऑक्टोबर, रविवार

प्रॅक्टिसला गेलो. कुणी बोलावलं नव्हतं, पण सल्लागाराला बोलवावं लागत नाही.

कॅप्टन दर्शन. पूर्णगडचा, घरची होडी आहे, पायात ताकद. गोलकीपर नितेश, जयगडचा. हात लांब आहेत, बॉल त्यांच्या मधून जातो. कबड्डीतून आणलेले दोघे समोरच्याचा पाय धरतात. सवय जाईल.

पाऊण तास मार्गदर्शन केलं. पोरं माना खाली घालून ऐकत होती. एवढी एकाग्रता मी आधीच्या कुठल्या टीममध्ये पाहिली नव्हती. शेवटी दर्शन म्हणाला की काका, अंधार पडतोय, जरा खेळतो आता.

गुडघा दुखतोय. ऑक्टोबरचं ऊन वाईट. घरी आलो तर सुमेधा म्हणाली, दिवाळी तोंडावर आली, माळा कधी आवरणार. मॅच झाल्यावर म्हटलं. कुठली मॅच, म्हणाली. वाद घातला नाही. संकल्प पाळला.

७ ऑक्टोबर, मंगळवार. संध्याकाळी ७.००

खेड ४, आपण ०.

पहिल्या गोलबद्दल लिहून ठेवतो, म्हणजे पुढे गैरसमज नकोत. ओरडायचं नाही असा संकल्प होता, म्हणून मी शिट्टी नेली होती. खेडचा तो उंच मुलगा उघड उघड ऑफसाइड होता, रेफरी भलतीकडे बघत होता, म्हणून मी वाजवली. आपली पोरं जागच्या जागी थांबली. खेडची थांबली नाहीत. गोल.

रेफरीने माझी शिट्टी काढून घेतली. रितेश सर माझ्याकडे बघत नव्हते. पण कुणी हे बघितलं का, की शिट्टी ऐकल्याबरोबर आपले अकराच्या अकरा थांबले? ही शिस्त कुठून आली? बाकीचे तीन गोल शिट्टीशिवाय झाले, त्यांचं खापर माझ्यावर फोडता येणार नाही.

बीपीची गोळी हरल्यावर घेतली.

९ ऑक्टोबर, गुरुवार

पोरं उपाशीपोटी खेळतात, हे मूळ दुखणं. काल रात्रीच सुमेधाला सांगितलं होतं, उद्या अकरा जण जेवायला, घावनं आणि घाटलं कर, हलकं पडतं. तिने तांदळाचा डबा उघडून आत बघितलं. मग तांदूळ भिजवले.

बाराला टीम घरी. दर्शन नको नको म्हणत होता, मॅच साडेतीनला आहे म्हणत होता. मी म्हटलं, अरे लाजताय काय, आपलंच घर आहे. मग लाजले नाहीत. नितेशने सतरा खाल्ली. सुमेधा तव्यापासून हलली नाही.

लांजा ५, आपण ०.

घावन हलकंच असतं. सतरा खाल्ल्यावर कुणी काय करावं! तिसऱ्या गोलला नितेश खाली वाकला तो वाकलेलाच राहिला. लांज्याचा कोच माझ्याजवळ येऊन विचारत होता की तुमची मुलं आजारी आहेत का.

आता फक्त चिपळूण उरलं, बुधवारी. पाय सुजले आहेत. दमलो. एकतीस वर्षं दर वर्षी याच सुमारास मी असा दमतो, आणि दर वर्षी वाटतं की पुढच्या मॅचला बरं वाटेल.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

चांगली बातमी! टीमची आकडेवारी ठेवणारी ईशा, बी.एस्सी.ची मुलगी, घरी आली. तिला माझी वही हवी होती. १९९४ पासूनची प्रत्येक मॅच, तारीख, स्कोअर, हवामान, मी हजर की गैरहजर, सगळं त्यात आहे. एकतीस वर्षांत ही वही कुणी मागितली नव्हती. मला भरून आलं. तिला दोनदा चहा दिला.

चिपळूणला हरवायची काहीतरी युक्ती त्यातून निघणार. मुलगी हुशार आहे. वही चाळताना मध्येच थांबली आणि माझ्याकडे बघून हसली. जरा विचित्र हसली.

११ ऑक्टोबर, शनिवार. रात्री ८.३०

दर्शन आणि नितेश येऊन गेले. काजूगर आणले होते, पाव किलो. मला वाटलं घावनांबद्दल आभार मानायला आलेत.

दर्शन म्हणाला, काका, ऊन फार आहे. मी म्हटलं, हो ना. तो म्हणाला, तुमचा गुडघा. मी म्हटलं, बरा आहे. तो म्हणाला, बुधवारी तुमी जरा आराम करा. मी म्हटलं, गुरुवारी करीन. असं बराच वेळ चाललं. नितेश पंख्याकडे बघत होता. मग एकदम म्हणाला, काका, तुमी नसलात की आपण जिंकतो.

ईशाने माझ्या वहीतून काढलं होतं. एकतीस वर्षांत त्रेसष्ट मॅच. मी तीन चुकवल्या. १९९८, आमच्या मुलीचा, भार्गवीचा जन्म. २००७, मुतखडा. २०१६, सांगलीला सासऱ्यांचं तेरावं. टीम जिंकली तीनच मॅच. त्याच तीन.

मला हे माहीत होतं. वही माझीच आहे. पण मी त्याचा अर्थ नेहमी वेगळा लावला होता. १९९८ ला मला वाटलं मुलगी पायगुणाची. २००७ ला वाटलं पोरं माझ्या काळजीने जीव तोडून खेळली. २०१६ ला वाटलं सासऱ्यांनी वरून बघितलं, जे त्यांनी खाली असताना कधी केलं नाही.

म्हणजे मी पनवती, असं नितेशच्या तोंडून निघालं. त्या शब्दावर नितेशने जीभ चावली, पण बोलून झाला होता. दर्शनच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याचं कॉलेजचं हे शेवटचं वर्ष.

मी चिडलो नाही. म्हटलं, हा निर्णय तुम्ही घ्यायचा नाही आणि मीही नाही. गावी जाऊन देवाला कौल लावू.

१३ ऑक्टोबर, सोमवार

मी, दर्शन आणि ईशा, सातची एसटी. मी अगदी निर्धास्त. ज्या देवाने एकतीस वर्षं मला मैदानावर नेलं तो आता कशाला अडवेल? येताना पोरांना वडे खायला घालायचं ठरवून टाकलं होतं.

गुरवाने देवाच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं लावली. उजवं पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. मग गाऱ्हाणं घातलं. बा देवा म्हाराजा, ह्यो तुझो आप्पा कालेजच्या खेळाक एकतीस वर्सां जाता हा, बुधवारी त्याने जावचा काय नाय, ता सांग म्हाराजा. दर्शन मोठ्याने व्हय म्हाराजा म्हणाला. ईशा मोबाइल खाली ठेवून हात जोडून उभी. आकडेवारीवाली मुलगी!

डावं पडलं.

मी म्हटलं, टेबलफॅन चालू आहे, वारा लागला. फॅन बंद केला. पुन्हा फुलं. डावं. मी म्हटलं, डाव्या बाजूचं फूल जास्वंदीचं आहे, जड आहे. गुरवाने दोन्हीकडे सारखी फुलं लावली. डावं. मग मी म्हटलं, विचारा की मैदानाच्या पलीकडच्या बाजूला उभा राहिलो तर? गेटाबाहेर? रिक्षात बसून? गुरवाने हात टेकले. म्हणाला, आप्पानु, देवाने तीनदा सांगितल्यानी, तुमका आणखी लेखी पाह्यजे काय?

दर्शनने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी त्याला शब्द दिला. बुधवारी घरी.

वडे खाल्ले. मी दोन, पोरांनी एकेक. चव लागली नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

विचार केल्यावर पटलं. आजवर मी टीमला फक्त आधार देत होतो. उद्या मी प्रत्यक्ष मॅच जिंकून देणार आहे, घरी बसून. फुटबॉलच्या इतिहासात असं योगदान कुणी दिलं असेल असं वाटत नाही.

विजयानंतर सत्कार होईल. दोन शब्द लिहून ठेवले. सहा पानं झाली.

१५ ऑक्टोबर, बुधवार

३.१५: फोन बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवला. मैदान पूर्वेला, म्हणून पश्चिमेला तोंड करून बसलो. टीमचा विचारही करायचा नाही. विचाराने गेलो तर तेही गेल्यात धरलं जाईल.

३.३०: सुरू झाली असणार. विचार करत नाही.

३.४०: सुमेधा चकल्या पाडते आहे. मला भाजणी मळायला बसवलं. पश्चिमेला तोंड करूनच मळतो आहे.

४.०५: खात्री आहे की आपण पुढे आहोत. आतून वाटतंय. आतलं मला कधी चुकीचं सांगत नाही. सांगतं, पण आज नाही.

४.२०: चप्पल घालून फाटकापर्यंत गेलो. परत आलो. सुमेधाने पिठाचा गोळा पुढे सरकवला.

४.३०: पुन्हा फाटक. रस्त्यावरून रिक्षा जात होती. हात वर केला नाही. हात खिशात घालून धरला होता. एकतीस वर्षांत एवढं कठीण काम मी केलेलं नाही, मुतखडा धरून.

५.१०: संपली असणार. जिंकलो! पेढे आणायला निघतोय. अर्धा किलो. नको, किलो.

७.३०

पेढे आणले. फोन तांदळातून काढला. ईशाचा मेसेज होता. चिपळूण ६, आपण ०.

तीनदा वाचला. मग तिला फोन केला, आकडे उलटे लिहिलेस का म्हणून. नाही म्हणाली.

मी घरी होतो. कौलाप्रमाणे, शब्दाप्रमाणे, तोंड पश्चिमेला करून घरी होतो. मग सहा? मी असताना कधी सहा खाल्ले नव्हते.

आत्ता लक्षात आलं. देवाला आम्ही एवढंच विचारलं की आप्पाने जावं की नाही. टीम जिंकेल का, हे कुणी विचारलंच नाही. मीसुद्धा नाही. रिक्षात बसू का ते विचारलं, पण हे नाही.

म्हणजे माझा काही संबंधच नव्हता. मी गेल्यामुळे पोरं हरत नव्हती, आणि मी घरी राहिल्यामुळे जिंकलीही नाहीत. एकतीस वर्षं! मी पनवतीसुद्धा नाही.

सुमेधाला सांगितलं. तिने गॅस बंद केला आणि शेजारी येऊन बसली. म्हणाली, पेढा खा अर्धा. खाल्ला.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

रितेश सरांचा फोन. नोटीस लागली, फुटबॉल बंद. वाईट वाटतं म्हणाले. शेडचं काम दिवाळीनंतर सुरू होईल.

दुपारी दर्शन आला. माफी मागायला लागला, मी मागू दिली नाही. चौथा गोल झाल्यावर पोरं सारखी फणसाखालच्या कोपऱ्याकडे बघत होती म्हणाला, मी उभा राहतो तिकडे. चिपळूणच्या बाजूला दोन बस भरून मुलं होती. आपल्या बाजूला कुणीच नव्हतं. नितेश पाचव्या गोलनंतर रडला. दर्शन म्हणाला, काका, ओरडायला तरी कुणी पायजे होता.

मी त्याला पेढे दिले. आईला दे म्हटलं. तो फाटकापर्यंत जाऊन परत आला, पाया पडला आणि पूर्णगडची गाडी चुकेल म्हणून पळाला.

मी गेलो असतो तरी हरलेच असते. सहाचे सहा झाले असते, कदाचित सात. हे मला पक्कं ठाऊक आहे. पण टीमची शेवटची मॅच होती, आणि तेवढी मी बघितली नाही.