होडीसारख्या बसवलेल्या फळ्या

तीर्थरूप बाबा,

कोलशेतहून दक्षताचा नमस्कार. मी मजेत आहे, जेवणाची आबाळ नाही. आईचा गुडघा कसा आहे? पदवी घेऊन हातोडी धरली म्हणून तुम्ही अजून बोलत नाही, तेवढंच मनाला लागतं.

महायुद्धात छोट्या रुळांवरून सैन्याचं सामान वाहणारा लाकडी डबा आम्ही इथल्या कार्यशाळेत संग्रहालयासाठी दुरुस्त करतोय. आधी त्याचा हातभर नमुना मी केला. तुम्ही होडी बांधताना बसवता तशा फळ्या घट्ट बसवल्या, तर दमट हवेत त्या फुगून वर आल्या. गुणाजी मिस्त्री हसले, "अगं, हा रुळावर चालवायचाय, खाडीत नाही सोडायचा."

मग फटी ठेवून दुसरा केला. कार्यशाळेच्या सरांनी कोपऱ्यांच्या सांध्यांवरून बोट फिरवलं आणि खऱ्या डब्याचं काम मलाच दिलं. "कुणाकडे शिकलीस?" त्यांनी विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं.

तुमचीच,
दक्षता