पुन्हा बघावा असा खेळ

माय, शाळेतून आले, हातपाय धुतले, बाचं जेवण झाकून ठेवलं आणि तुझ्याशी बोलायला बसले. खरं तर अंगात त्राण नाही. सिंदीत कापसाचे दिवस आले की जिन कारखान्याची धूळ वर्गात शिरते, पोरं खोकतात आणि त्यांच्यामागे मी खोकते. घरी आलं की चूल, पाणी, बाचं पथ्य. तरी बसले, कारण यंदा मी काही खेळ बघितले आणि ते सांगावे असं तुझ्याशिवाय कोणी सुचेना. तुला जाऊन किती वर्षं लोटली, पण ही खोड काही गेली नाही.

खोड तूच लावलीस. गावात खडी गंमतीचा खेळ असला की बाया घरात. पार्टी सगळी गड्यांची, गाणं उभ्यानं, नाचणं उभ्यानं, बोलणं चावट, म्हणून बायकांनी तिकडे फिरकायचं नाही. तुझा तर नवराच पार्टीतला नाच्या. तुझं लग्नातलं हिरवं लुगडं नेसून तो गावोगाव नाचायचा आणि तुला ते कधी अंगाला लावता आलं नाही. एकदा नेसून पाण्याला गेलीस, तर पोट्टे मागे लागले, "नाच्याचं लुगडं! नाच्याचं लुगडं!" तू घागर तशीच घेऊन परत आलीस. मी लहान होते, मला कोणी अडवायचं नाही. मग दुसऱ्या दिवशी तू चुलीपुढे भाकरी थापते आहेस आणि मला विचारते आहेस, "सांग नं बाई, मंग राजा काय बोलला?" मी राजा होते, प्रधान होते, पदर घेऊन बा होते. तू हसतेस, तुझा हात थांबतो, तव्यावरची भाकरी करपते. "तेवढं पुन्यांदा कर." ज्याच्यापायी भाकरी करपली तो खेळ पुन्हा बघण्यासारखा, एवढीच आपली पारख होती.

तर ऐक. उन्हाळ्यात वर्ध्याला नाटक कंपनीचा तंबू पडला होता. बानं महिनाभर भुणभुण लावली, म्हणून पॅसेंजरनं त्याला घेऊन गेले. पडदे काय, दिवे काय, बघत राहावं! आणि माय, नायिकेच्या कामाला खरीखुरी बाई. मी हरखून गेले. गाते गोड, रडते गोड, नुसती वळून बघते तरी तंबू गप्प होतो. बा मात्र सारखा चुळबुळ करत होता. शेवटी माझ्या कानाशी आला.

"बाईनं बाईचं काम करनं, याच्यात कला काय राह्यली?"

"गप बस नं बा, लोकं पाहून राह्यले."

"पाहू दे. चालता येत नाई तिले. भरली घागर डोक्यावर असली तं बाई अशी चालते काऊन? मान पाह्य तिची. घागर रिकामी आहे."

पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थानं वळून डोळे वटारले. मला हसूही आलं आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं. पण नंतर बघितलं तर घागर खरंच रिकामी दिसत होती. एकदा नजरेत भरल्यावर ती दिसायची थांबेना. तरीही ते नाटक मी पुन्हा बघीन, त्या बाईसाठी बघीन. मात्र बाला घरी ठेवून.

शाळेच्या संमेलनात मी पोरांचं एक नाटुकलं बसवलं होतं. हिवतापाचं. डास झालेल्या पोरीला इतका चेव आला की तिनं ग्रामसेवक झालेल्या पोराच्या धोतराला मिठी मारली आणि सोडीचना. लोक पोट धरधरून हसले. हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितलं, "बाई, यातून काही बोध व्हायला पाहिजे होता." तूही हसली असतीस. तो खेळ पुन्हा होणे नाही, पोरगी आता पाचवीत गेली आणि लाजते.

आता तिसरा. हा सांगायलाच बसले होते, आणि बघ, कशी इकडचं तिकडचं सांगत वेळ काढते आहे.

तुझ्या वेळी नव्हतं ते आधी सांगते. आपण आता बौद्ध झालो, माय. आपली माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली, मीही गेले, बाही आला. घरातले देव नदीत सोडले. त्यानंतर पार्टीतली तरणी पोरं, त्यातली निम्मी माझ्या हाताखाली शिकलेली, आपल्या ओसरीवर बसली आणि म्हणाली की जुनी गंमत बंद. देवांचा गण नाही, गवळण नाही आणि नाच्या तर मुळीच नाही.

"गड्यानं लुगडं नेसून कंबर हालवायची अन् पाटलानं पैसे फेकायचे, हे आता होनार नाई, बाबा," शाहीर म्हणाला. शाहीर म्हणजे पार्टीचा नवा म्होरक्या. पोरगा भला आहे.

बानं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "ते बरोबर बोलून राह्यले, बा." मला ते तेव्हा पटलेलं होतं, आजही पटतं. पण त्याचा चेहरा उतरला तो पुढे कितीतरी दिवस उतरलेलाच राहिला. जेवायला वाढलं की जेवायचा, विचारलं की नुसतं 'हाव' म्हणायचा. घरात आम्ही दोघंच, त्यात एक जण मुका, म्हणजे काय होतं ते मी कुणाला सांगू? मग एक दिवस तो उठला, काठी घेतली, शाहिराच्या घरी गेला आणि म्हणाला, "नाचत नाई मी. मरतो. चालते काय?"

दोघांनी मिळून वग रचला. एका बाईला ताप चढतो. नवरा वैद्याच्या दारात हात जोडून उभा राहतो. वैद्य येतो, पण आपल्या जातीच्या माणसाला शिवून नाडी कशी धरणार, म्हणून अंगणाबाहेरूनच औषधाची पुडी फेकतो. पुडी ओल्यात पडते. बाई मरते.

ओळखलंस ना? बानं मला आधी चकार शब्द सांगितला नव्हता. "पाहायले येजो," एवढंच.

गंमत दुपारी ठेवली होती, कारण आता बायकाही येतात. येतात काय, पुढे बसतात! पांढरी लुगडी नेसून सगळ्या जणी मांडी घालून बसलेल्या, आणि मला वाटलं, यात एक जागा तुझी हवी होती. ढोलकीवाला म्हातारा, बाच्या बरोबरीचा. शाहिरानं हात वर केला आणि म्हाताऱ्यानं जन्माच्या सवयीनं गणाचाच ठेका धरला. दोघा-तिघांनी "गणा..." म्हणून तोंडही उघडलं. शाहिराचा वर केलेला हात तसाच राहिला. म्हाताऱ्यानं जीभ चावली, ढोलकी खाली ठेवली आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. "मी नाई रे, हात गेला!" सगळे हसले, मग सगळे उभे राहिले आणि बुद्धवंदना झाली.

आणि मग बा आला. तेच हिरवं लुगडं, विरलेलं, जागोजाग रफू केलेलं. तोंडाला रंग नाही, पायात चाळ नाही. तो चुलीपुढे बसला, पदरानं कपाळ पुसलं, पुसता पुसता मनगट जरा तिथेच टेकवलं, आणि माय, तूच की गं. तू अशीच बसायचीस. ते मी पार विसरले होते. त्यानं कधी बघितलं होतं हे सगळं? तो तर घरात असला की झोपलेला असायचा किंवा भांडत असायचा. कमरेवर हात देऊन उठणं, उठताना ओठ आवळणं, बोलायच्या आधी आवंढा गिळणं. शेजारच्या म्हातारीनं माझा हात घट्ट धरला. ती तुझ्याबरोबर पाण्याला जायची. "बाप्पा, तीच आहे थे," म्हणाली.

वैद्यानं पुडी फेकली. बा अंथरुणातून उठायला गेला, उठवेना, मग ओणवा झाला आणि सरपटत सरपटत अंगणाच्या कडेपर्यंत गेला. पुडी उचलली, पदराला पुसली, उघडून बघितली. औषधाचा नुसता चिखल. तो तिथेच कलंडला. पांढऱ्या लुगड्यातल्या सगळ्या बायका एकदम रडायला लागल्या. गडी रडले. शाहीर पुढचं गाणं विसरला. माय, तंबूतली ती बाई याच्या पासंगालाही पुरली नसती.

मी रडले नाही. पुडी तू उचलली नव्हतीस. पुडी मी उचलली होती. मी धावत गेले, फ्रॉकला पुसली, तुझ्या उशाशी आणून ठेवली, आणि तू म्हणालीस, "राहू दे नं बाई, इथं बस. कालची गंमत सांग." मी सांगत होते. तू हूं हूं करत होतीस, मग हूं आलं नाही, तरी मी खेळ संपेपर्यंत सांगत राहिले. वगात हे नाही. वगातल्या बाईला पोरच नाही.

घरी आल्यावर मी बाला विचारलं, "मी कुठं गेली, बा?"

त्यानं लुगड्याची घडी घालता घालता सांगितलं, सहज सांगितलं, "तू असली का पुडी तूच आनशील. मंग ते सरपटनं काऊन? लोकं रडत नाई मंग. पोरगी जवळ असली का मरन हलकं होते."

बोलणं बरोबर आहे. खेळातलं त्याला माझ्याहून जास्त कळतं. आणि आता तो जेवतो, बोलतो, मध्येच गुणगुणतो. खेळाची बातमी पार कारंज्यापर्यंत गेली आहे. जो तो म्हणतो, पुन्हा बघायला पाहिजे. मीही विचारणाऱ्यांना तेच सांगते, कारण ते खरं आहे.

आज सकाळी बा पाय मोकळे करायला गेला असताना कारंज्याची माणसं आली होती. गाडी पाठवतो म्हणत होती, बुढ्याला सांभाळून नेऊ, सांभाळून आणू. मी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, त्याची तब्येत बरी नाही, या वर्षी काही जमायचं नाही. ती हळहळली आणि गेली.

तब्येत ठणठणीत आहे. तुला मरताना मी एकदा बघितलं होतं, त्या दिवशी पुन्हा बघितलं, तेही सोसलं. पण तुझ्या उशाशी मी नाही, आणि सगळं गाव त्यावर रडतं आहे, हे मला दुसऱ्यांदा बघवणार नाही. बा बाहेर ओसरीवर बसला आहे. मघाशी विचारत होता, "कारंज्याहून कोनी आलतं काय वो?" मी म्हणाले, नाही.