माझ्या मापाचा दस्ता

शनिवार, ४ ऑक्टोबर

आज माझं सामान लीटाच्या घरी आलं. आता ‘आमच्या घरी’ असं लिहायला हवं, होईल सवय. सामान म्हणजे दोन पेट्या, हत्यारांचा डबा आणि ही वही. लग्नाला आठ दिवस झाले. घर गवताळ टेकड्यांच्या मधोमध एकटं आहे. उत्तरेला पवनचक्की, तिच्याखाली गुरांची टाकी, आणि शेजार म्हणावा तर अकरा मैलांवर.

लीटाने घेवड्या-मांसाची तिखट चिली केली होती, सोबत दालचिनीचे रोल. मी तीन खाल्ले. ती हसून म्हणाली, एवढासा जीव तुझा, जातं कुठे रे सगळं? मी तिच्यापेक्षा चार बोटं बुटका आणि पाच वर्षांनी लहान आहे. मला त्याचं काही वाटत नाही.

मागच्या दाराशी एक खुंटी फार उंचावर ठोकलेली होती. लीटा म्हणाली, हार्लनच्या टोपीची. हार्लन तिचा पहिला नवरा. दोन हिवाळ्यांपूर्वी हिमवादळात गुरं आणायला गेला, परत आला नाही. बर्फ वितळल्यावर सापडला. मी खुंटी काढून माझ्या उंचीला ठोकली. लीटा बघत होती.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

अकरा मैलांवरच्या ओपलबाई चर्चला गेल्या असताना कुणीतरी दार फोडून आत शिरलं. शेरिफचा माणूस पोहोचायला पन्नास मिनिटं लागली. हार्लनच्या बंदुका त्याचे भाऊ घेऊन गेलेत, त्यामुळे आमच्याकडे एकही नाही. लीटाचं म्हणणं, दोघांना चालेल अशी एकच घेऊ. दोन वेगळ्या ठेवल्या तर ऐन वेळी नको ती हातात येते.

आमची पहिली मोठी खरेदी. मी कागदावर रकाने आखून तुलना केली आहे.

शनिवार, ११ ऑक्टोबर

गावातल्या व्हर्लच्या दुकानात दोन तास गेले. म्हातारा बोलका आहे. बारा बोअर त्याने बाजूलाच ठेवली. म्हणाला, असला धक्का खाऊन बायको एकदा उडवते आणि मग आयुष्यभर हात लावत नाही. धक्का कमी म्हणून पंपाची वीस बोअर निवडली, नळीखालचा पंप मागे-पुढे ओढला की काडतूस भरतं. घर सांभाळायला ती पुष्कळ.

मग माप. दस्त्याची, म्हणजे खांद्याला लावायच्या लाकडाची, मागची बाजू कोपराच्या खळगीत टेकवायची आणि बोट चापापर्यंत नीट पोहोचतं का पाहायचं. दस्ता लांब करायला पाव इंच जाडीच्या रबराच्या चार चकत्या मिळतात, स्क्रूने आत बसवायच्या. लीटाला दोन लागल्या. मला एकही नाही. व्हर्ल म्हणाला, दस्ता नेहमी बुटक्याच्या मापाने ठेवायचा, कारण उंच माणूस आखूड दस्ता चालवून घेतो, पण बुटक्याला लांब दस्ता खांद्यालाच लागत नाही. आणि डोळा मारून म्हणाला, संसारातही उंचालाच वाकावं लागतं, काय लीटा?

लीटाने बंदूक उचलली आणि तिचा गाल लाकडावर असा टेकला, जणू उशीवर. व्हर्ल म्हणाला, हार्लनने पोरीला छान शिकवलंय. मी बंदूक तिच्या हातातून घेतली आणि पैसे मोजले.

चकत्या काढून ठेवल्या. दस्ता बरोबर तेरा इंच. बंदूक मागच्या दारावरच्या आकड्यांवर टांगली.

बुधवार, १५ ऑक्टोबर

सकाळी सरावाला काढली तर चापापर्यंत बोट पोहोचेना. मोजली, साडेतेरा. म्हणजे लीटाने तिच्या दोन चकत्या घातल्या. मी विचारलं. ती म्हणाली, मी कशाला घालू, तुझ्यासाठी मी वाकायचं ठरलंय ना? चेष्टेत म्हणाली, पण माझ्याकडे न बघता.

चकत्या काढल्या. स्क्रूच्या डोक्यावरून दस्त्यापर्यंत पेन्सिलीची रेघ ओढून ठेवली, कुणी स्क्रू फिरवला तर कळेल.

शनिवार, १८ ऑक्टोबर

चौदा इंच. चारही चकत्या. रेघ जागची हललेली नाही.

चार तर लीटालाही नकोत. म्हणजे मी कुंपण दुरुस्त करायला गेलो की या घरात तिसरा कुणीतरी येतो. लांब हातांचा. ती त्याच्या हातात बंदूक देते, तो खांद्याला लावून बघतो, आणि ती हसते. मला सगळं दिसतं. दुपारी ती रोलची पोळी लाटताना गुणगुणत होती. माझ्यासमोर तिने कधी गुणगुणलेलं नाही.

सोमवार, २० ऑक्टोबर

व्हर्लकडे एकटाच गेलो. विचारलं, चारही चकत्या लागतील असा माणूस या भागात कोण? तो म्हणाला, चार पुरणार नाहीत असा एकच होता. साडेपंधरा इंच लागायचे त्याला, आणि पोरा, त्याच्या शवपेटीला मी स्वतः खांदा दिलाय. मग म्हणाला, घरी जा, बायकोशी गोड बोल, मेलेल्या माणसाचा हेवा करू नये.

घरी येऊन चारही चकत्या काढल्या, माझ्या हत्यारांच्या डब्यात ठेवल्या. कुलूप लावलं. किल्ली गळ्यात.

बुधवार, २२ ऑक्टोबर

डबा उघडला. चारही आत आहेत.

दस्ता साडेपंधरा इंच.

उघडून पाहिला. आत काही नाही. नुसतं लाकूड. वाढलेलं —

गालाची जागा झिजून गुळगुळीत झालीय. अकरा दिवसांची बंदूक.

खुंटी पुन्हा वर आहे. भिंतीत माझ्या खिळ्याचं भोकसुद्धा नाही.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

दुपारचं जेवण मला ओसरीवर मिळालं. गवत कापायला येणारे लोक जेवतात तिथे. आत दोन ताटं मांडलेली होती. मी म्हणालो, लीटा, हे काय? ती अदबीने म्हणाली, हात धुवायचे असतील तर नळ बाहेर आहे, आणि जाताना फाटक लावून घ्या. परक्याशी बोलतात तसं. थट्टा असेल. डोळ्यांत थट्टा नव्हती.

आमच्या लग्नातला फोटो कपाटावर होता. त्यात लीटाशेजारी आता मी नाही, तिथे —

शुक्रवार, दुपार

आत शिरलो, मागच्या दाराने. माझंच घर आहे. मी नवरा आहे तिचा, मीच —

आकडे रिकामे. बंदूक नाही.

लीटा स्वयंपाकघरात फोनवर बोलतेय. म्हणतेय, घरात एक माणूस शिरलाय. बुटका, अंगाने बारीक. नाही, कधी पाहिलेला नाही. मग म्हणाली, नाही, एकटी नाही मी, नवरा आहे ना घरात, बंदूक त्याच्याकडेच आहे.

आवाजात भीती नाही तिच्या. किती निर्धास्त. माझ्याजवळ असताना एकदाही —

मी झोपण्याच्या खोलीत आहे, कपाटामागे. तो बोळातून येतोय. मला दोन पावलं लागतात तिथे त्याचं एक.

पंप मागे ओढला. पुढे.

ती दारातून सांगतेय, हळू, गाल खाली टेकव. त्यानेच शिकवलेलं त्यालाच सांगतेय, लाडाने —

हाक मारतो. आवाज ओळखेल ती. ओळखायलाच हवा. लीटा, मी —