शब्बाथचं पाणी

पनवेल, ६ जानेवारी २००८

ती. सायमनदादास,
शालोम व शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलताना आई शेजारीच असते, म्हणून हे पत्र. तिचे बेगोनिया मरायला लागलेत. माती कायम ओली, देठ बुडाशी काळे पडून गळतात. बोट खुपसून माती कोरडी लागल्याशिवाय आई थेंबही घालत नाही, तुला ठाऊकच आहे. मी शाळेत असताना गंगाबाईच भांड्यांचं पाणी कुंड्यांत ओतत असणार. विचारलं तर मान खाली घालून "नाय" एवढंच म्हणाली. काय करू?

वहिनींना नमस्कार. माया असू दे.

तुझी, जोकबेद

अश्दोद, इस्रायल, २० जानेवारी २००८

चि. जोकबेद हिस,
अनेक आशीर्वाद.

वर्गात चाळीस पोरांना धाक दाखवतेस आणि एका कामवालीपुढे बोबडी वळते? काढून टाक तिला. आईने तीस वर्षं जपलेली झाडं आहेत ती. एप्रिलात पेसाहचा सण झाला की आईला इकडे न्यायला येतो. तोवर माझ्यासाठी बेगोनियाचं एक पान वाळूत लावून ठेव, रोप होईल.

प्रकृतीला जप.

तुझा, सायमनदादा

पनवेल, ३ फेब्रुवारी २००८

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

गंगाबाईला काढून आठवडा झाला. काल शनिवार, शब्बाथ. आईने आजवर शब्बाथची विश्रांती मोडून कधी झाडांना पाणी घातलेलं नाही. काल पाच वेळा तांब्या भरून बाल्कनीत गेली. सहाव्यांदा मी हात धरला, तर म्हणाली, आज अजून घातलंच नाही गं.

मला फार भीती वाटते, दादा. विचुंब्याला घरी जाऊन गंगाबाईची माफी मागायला हवी, पण कुठल्या तोंडाने जाऊ? सध्या शाळेत जाताना बाहेरून कुलूप लावते. पेसाहची वाट बघू नकोस, लवकर ये.

तुझी, जोकबेद

पनवेल, २४ फेब्रुवारी २००८

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला गॅसचं सांगितलं, त्या दिवशीही दाराला बाहेरून माझं कुलूप होतं हे नाही. आईचा पदर पेटला. शेजाऱ्यांनी दार फोडलं तोवर उशीर झाला होता.

सुतकाच्या सात दिवसांत गंगाबाई आली. आईचं विसरणं तिला सहा महिन्यांपासून माहीत होतं. रोज ती कुंड्यांखालच्या ताटल्यांतलं पाणी उपसायची, गॅस बंद करायची आणि मी येईपर्यंत आईजवळ बसून राहायची. मला का नाही सांगितलंस, असं विचारलं, तर म्हणाली, "मी सांगितला असता त तुमी आजीला कोंडून ठेवली असती."

तू काढ म्हणालास आणि मी तिला काढलं. कुलूप मात्र माझं एकटीचं.

तुझ्या पानाला कोंब आलाय. त्याला पाणी गंगाबाई घालते. माझा हात धजत नाही.

माया उरली असेल, तर दोन ओळी लिही.

जोकबेद